धाकूला खोताचा मुलगा कर

“तिथेच ठेव. खाली.”

मी माझ्या कादंबरीची पानं अंगणातल्या चिऱ्यावर ठेवली आणि मागे झालो. भाऊसाहेबांनी तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं. पानांवर शिंपडलं. मग ती उचलली. महाराच्या हातची वस्तू घ्यायची ही रीत. नारळाला, लाकूडफाट्याला पाण्याने काही होत नाही. माझी शाई पुडीची होती.

भाऊसाहेबांचं घराणं गावच्या खोतांचं; चिऱ्याची खाणही त्यांचीच. रत्नागिरीत त्यांचा छापखाना होता. मुलांसाठी ते गोष्टींची पुस्तकं काढत. ओटीवर बसून त्यांनी पहिलं पान उजेडात धरलं. शाई ओघळून त्यांच्या मनगटावर आली.

“अक्षर फार गचाळ रे तुझं.”

शेजारी बसलेले मास्तर हसले. “चिरे फोडणारा हात तो. त्यातून मोती थोडेच पडणार?”

मी खरंच चिऱ्याच्या खाणीत होतो. सातवी पास होऊनही. मुंबईला गिरणीत असलेला मामा शिमग्याला येताना पत्रकं आणायचा. कोणी कोणाला का वाकवायचं, असं विचारणारी पत्रकं. ती वाचत मी वाढलो. पण वाडीतली पोरं पत्रकं ऐकताना पेंगत. भुताची गोष्ट म्हटली की टक्क जागी. म्हणून मी भुताची कादंबरी लिहिली.

“तूच वाच,” भाऊसाहेब म्हणाले. “आणि सरक जरा तिकडे. उन्हं कललीत, सावली ओटीवर येतेय तुझी.”

मी सरकलो. पानं त्यांच्याच मांडीवर होती. मी तोंडपाठ सांगू लागलो.

आरे-वारेच्या कड्यावर एक ओसाड बंगला. त्यात मेलेला खोत राहतो. मेला तरी वेठबिगार सोडत नाही. दर अवसेला एक माणूस बंगल्यात ओढला जातो आणि तळघरात राबत राहतो. दाराला हात लावील तो जळतो. मग येतो महारवाड्यातला धाकू. लोक ज्या सावलीचा विटाळ मानतात, त्या सावलीतच धाकूची शक्ती आहे. ती पडली की कुलपं वितळतात. चिरेबंदी भिंत दुभंगते.

भाऊसाहेब सुपारी कातरत होते. धाकू तळघराच्या पायऱ्या उतरला आणि अडकित्ता थांबला.

“मग?” मास्तर पुढे झुकले. “उघडलं दार?”

“उघडलं.”

“वा!” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

भाऊसाहेबांनी अडकित्ता बाजूला ठेवला. मग म्हणाले, “गोष्ट फक्कड आहे. छापू. पण या धाकूला खोताचा मुलगा कर. कुलदेवीच्या वराने शक्ती मिळाली म्हण. सावलीचं काढ, शिसारी येते. आणि महार हवाच असेल, तर त्या मेलेल्याचा चाकर कर. काळाकभिन्न, लाल डोळ्यांचा. पोरं टरकतील.”

“आणि माझं नाव?”

“नाव कशाला? लोक पुस्तक घरात घेणार नाहीत.”

मी लगेच नाही म्हटलं नाही. पुस्तक हवं होतं मला. छापील. वास येणारं. मग वाडीतली पोरं डोळ्यांसमोर आली. हे पुस्तक कधीतरी त्यांच्या हाती पडणार. त्यात ती आपल्यातला माणूस शोधणार. आणि तो सापडणार कुठे? तळघरात. मेलेल्याचे पाय चेपताना.

“माझी पानं द्या.”

“अरे, वाळू तरी देत. एवढा फणकारा? चार दिवस विचार कर.”

त्यांनी पानं दिली नाहीत. मी पायऱ्या चढलो. त्या ओटीवर आमच्यातलं कोणी कधी चढलं नव्हतं.

“ए! ए! वर कुठे?” मास्तर धोतर सावरत भिंतीला चिकटले.

मी भाऊसाहेबांच्या मांडीवरची पानं उचलली. माझं बोट त्यांच्या बोटाला लागलं. त्यांनी तांब्या ओढून हात धुतला. मी पायऱ्या उतरलो.

दुसऱ्या दिवशी खाणीवरच्या मुकादमाने मला परत पाठवलं. कारण सांगितलं नाही. घरी आईला सगळं आधीच कळलं होतं.

“करायचा हुतास खोताचा,” ती म्हणाली. “गोष्टीतला तर मानूस. त्येला काय लागतंय?”

“पोरांना लागेल, आये.”

“आन् चुलीला?”

मी डागाळलेली पानं उलगडायला घेतली.

निम्मी पानं धुऊन गेली आहेत. ती मी पुन्हा लिहितो आहे. छापणारा मिळेल असं वाटत नाही. न मिळो. हाताने प्रती काढीन, वाडीवाडीत वाचीन. धाकू महारवाड्यातच जन्मेल, आणि त्याच्या अंगावरचं एक अक्षरही मी कोणाला खरवडू देणार नाही. बदल एकच करणार आहे. पहिल्या वेळी त्या मेलेल्या खोताला नाव द्यायला मी भ्यालो होतो. आता देणार आहे. आडनावासकट.