बेचाळीस थांबे

शांतवन पाटोळ्यांनी देव सोडला, अशी बातमी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पनवेलच्या आमच्या सोसायटीत पसरली. पुरावे दोन. एक, बाल्कनीत नाताळची चांदणी नाही. दोन, काका रोज सकाळी एसटी स्टँडच्या बाकावर बसलेले.

साफ खोटं. चांदणी नव्हती, कारण दुखऱ्या गुडघ्याने स्टुलावर चढवेना आणि स्टूल धरणाऱ्या सुनंदाकाकू ऑगस्टात गेल्या. स्टँडवर बसत, कारण घर खायला उठे. निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं त्यांनी तिथेच माइकवरून गाड्या पुकारल्या होत्या. "उरणकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहेऽऽ!" त्यातला शेवटचा 'हे' थेट नाकातून.

देवाशी अबोला मात्र होता. नाताळच्या उपासनेत येशूची वंशावळ वाचायचा मान दरवर्षी काकांचा. बेचाळीस पिढ्या, नावंच नावं. काका ती गाड्यांसारखी पुकारत सुटत आणि पहिल्या बाकावरून काकू बोट वर करत: हळू. घरी आल्यावर ऐकवत, "अहो, लोकांची काय गाडी चुकत होती?" यंदा ते बोट नसणार.

"मला जमायचं नाही," काका चर्चच्या पाळकांना म्हणाले.

"कागद तरी राहू द्या जवळ," पाळक म्हणाले.

तो कागद घेऊन काका स्टँडवर पुटपुटत बसले. शेजारी जासईच्या सोनाबाई, भाजी विकून झालेली, रिकामी टोपली मांडीवर.

"ही कोनाची नावं, दादा?"

"आमच्या प्रभूच्या घराण्यातली."

"काय केलं त्यांनी?"

"काहींनी राज्य केलं. बऱ्याच जणांचं काहीच ठाऊक नाही. जन्मले, लेकरं झाली, गेले."

"मंग लिवली कशाला?"

काकांमधला स्टँडवाला जागा झाला. "मावशी, उरणची गाडी जासईला थांबते ना?"

"नाय थांबली तं मी डायवरला सोडीन व्हय?"

"मग उरण कितीही मोठं असो, जासईचं नाव घ्यावंच लागतं."

बोलून गेले आणि हातातल्या कागदाकडे पाहू लागले. एकतीस वर्षांत त्यांनी एक थांबा गाळला नव्हता. आणि देवाने? ज्यांचं नावापलीकडे काही उरलं नाही, त्यांनाही त्याने गाळलं नव्हतं. मग सुनंदाचं नाव त्याच्याकडून कसं राहून जाईल? कितीतरी दिवसांनी काकांनी पोटभर श्वास घेतला.

"गाडी लागली माजी," सोनाबाई उठल्या. "तुमी वाचा सावकाश. कोन हाकलतंय?"

संध्याकाळी काकांनी पाळकांना फोन करून होकार कळवला. जिन्यात भेटले तेव्हा मला समजलं. मी त्यांच्याच आवाजात पुकारलं, "वंशावळ एक्स्प्रेस दीड मिनिटात पोचत आहेऽऽ!"

"लाव पैज, टवळे!" काका म्हणाले.

दीड मिनिटात वाचून झालं तर मी जिंकले, करंज्यांचा अख्खा डबा माझा. हरले तर महिनाभर त्यांची नक्कल बंद.

नाताळच्या सकाळी काका वाचायला उभे राहिले. पहिल्या बाकाकडे एकदाच पाहिलं. मग एकेक नाव घेतलं, उतरणाऱ्याला नीट उतरू द्यावं तसं थांबत थांबत. मध्येच घोटभर पाणी प्यायले, पुन्हा निघाले. शेवटचं नाव आलं तेव्हा त्यांचा चेहरा हसरा होता, आणि मागच्या बाकांवरून दणदणीत 'आमेन' आलं.

चार मिनिटं अकरा सेकंद. मोबाइलवर वेळ मीच लावली होती.

"पंचवीस जानेवारीपर्यंत बंद, बरं का!" बाहेर काका करंजी चावत म्हणाले.

मी माझ्याच आवाजात 'हो' म्हटलं. फारच पुचाट वाटलं.