बाकीच्यांचं काय, असं विचारणारे विलासभाऊ

रहाटणीच्या चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभी होते, तेव्हा वहिनींचा फोन आला. "सुषमा, हे गेले गं." सकाळी बूट घालायला विलासभाऊ खाली बसले, ते उठलेच नाहीत... त्याला आता दीड महिना होईल.

लातूरकडे आयटीआय करून ते चाकणला आमच्या कंपनीत आले, मेंटेनन्सला लागले आणि चाळिशीत प्रोग्रॅमिंग शिकले. मी इंजिनिअर, हुद्द्याने त्यांच्या वर. पण काम शिकले ते त्यांच्याकडून. जगभरातले लोक इंटरनेटवर फुकट देतात ती सॉफ्टवेअर पॅकेजं आमच्या रोबोटच्या प्रोग्रॅममध्ये होती. त्यांची माहितीपत्रकं विलासभाऊ ओळीवर बोट ठेवून वाचायचे आणि चूक सापडली की लिहिणाऱ्याला कळवायचे. आम्ही हसायचो.

लाइनवरचा तो रोबोट बारका, माणसांशेजारी काम करणारा. भाग ठेवून पाच सेकंद थांबायचा, तेवढ्यात शेजारी काम करणाऱ्या रेखाताई तो उचलायच्या. त्याच्या कॉम्प्युटरवर आम्ही सगळे प्रोग्रॅम नव्याने घातले आणि दुसऱ्याच दिवशी पहिल्या शिफ्टला तो थांबलाच नाही. रेखाताईंचा हातमोजा फाटला, बोटं थोडक्यात वाचली.

"बाईंनी घाई केली असेल," सुपरवायझर म्हणाले. "लाइन चालू करा."

"म्या घाई न्हाई केली," रेखाताई म्हणाल्या. त्या जवळच्याच कुरुळी गावच्या; फाटका हातमोजा पुढे धरून बोलल्या.

विलासभाऊ स्विचसमोर उभे राहिले. "साहेब, कारण सापडेपर्यंत लाइन चालू होणार नाही."

"जबाबदारी तुमची?"

"माझी."

नंतरचे तीन तास मी विसरू शकत नाही. मॅनेजर दोनदा येऊन गेले. नोकरी जाते की काय, असं मला वाटत होतं. विलासभाऊंचं बोट मात्र ओळीवरून सरकत होतं. शेवटी सापडलं. आमच्या पॅकेजला दुसरं एक पॅकेज लागायचं आणि नव्याने घालताना त्याची नवी आवृत्ती आपोआप आली होती. माहितीपत्रकात अजून सेकंदच लिहिलेले. नवी आवृत्ती तोच आकडा मिलिसेकंद धरत होती. आमचे पाच सेकंद डोळ्याचं पातं लवायच्या आत संपत होते.

जुनी आवृत्ती घातली, लाइन सुरू झाली. मी म्हटलं, "सुटलो, भाऊ." ते म्हणाले, "आपण सुटलो. हे पॅकेज वापरणाऱ्या बाकीच्यांचं काय?"

मोडक्या इंग्रजीत त्यांनी पॅकेज लिहिणाऱ्यांना तक्रार लिहिली. तुमचीच वापरण्यात चूक आहे, असं उत्तर देऊन तिकडच्यांनी ती बंद केली. विलासभाऊंना लागलं ते... दोन दिवस डबा तसाच परत नेला. मग कुणालाही चालवून बघता येईल असा दहा ओळींचा प्रोग्रॅम जोडून त्यांनी पुन्हा लिहिलं. आठवड्याने माहितीपत्रकातली ती ओळ बदलली.

परवा निगडीला त्यांच्या घरी गेले. वहिनींनी त्यांचा लॅपटॉप पुढे केला. ते गेले त्याच्या चार दिवस आधी त्यांनी दुसऱ्याच एका पॅकेजची चूक कळवली होती आणि परदेशातल्या कुणीतरी विचारलं होतं, नव्या आवृत्तीतही असंच होतं का? त्यांच्या खुर्चीत बसून मी तपासलं. होत होतं. तसं लिहिलं; विलासभाऊ आता नाहीत, हेही लिहिलं. चहा होईपर्यंत उत्तर आलं.

"काय म्हणतात?" वहिनींनी विचारलं.

"चूक मान्य आहे म्हणतात. दुरुस्तीखाली भाऊंचं नाव घालायचंय, स्पेलिंग विचारतायत."

वहिनींनी पदराला हात पुसले आणि माझ्या शेजारी बसून एकेक अक्षर सांगायला लागल्या.