मोटेवरचा सूर

माझ्यासारख्याने लिहावं की नाही, मला अजून कळत नाही. मी लढलेला शिपाई नव्हे, फील्ड ॲम्ब्युलन्स या लष्कराच्या फिरत्या दवाखान्यातला नर्सिंग शिपाई. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून लिहायला सांगतात. चुकलं तर माफ करावं.

ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर जखमींच्या मलमपट्टीचं आमचं ड्रेसिंग स्टेशन होतं. सकाळी सहाला अवजारं उकळायची, सातला कॅप्टन डॉक्टरसाहेबांचा राउंड. मी किन्हीराजाचा, स्ट्रेचर उचलणारा ज्ञानबा आमच्याच भागातल्या रिठदचा. गावी तो विहिरीचं पाणी उपसणारी बैलांची मोट हाकायचा. तोफांच्या धास्तीने थरथरणाऱ्या जवानांपाशी बसून तो मोटेवरचा सूर लावी. बैल उतारावर चालले की श्वास भरायचा, मोट रिकामी झाली की सुरात सोडायचा. भाषा न कळणारे जवानही त्याच्याबरोबर श्वास घेत. हळूहळू त्यांचं अंग शांत होई.

"ज्ञानबाभाऊ, दवाखाना हाय हा, मळा नाही," मी म्हणायचो.

"मास्तर, तुह्या गोळीनं झोपला काय तो?" मी कॉलेजातला म्हणून तो मला मास्तर म्हणे.

साहेब म्हणाले, "गाऊ द्या त्याला."

एका दुपारी तीनला तोफगोळे सुरू झाले. पहिला नाल्यात पडला, दुसरा तंबूपाशी. ज्ञानबा कोसळला. मांडीतून रक्त उसळत होतं. साहेब पलीकडे ऑपरेशनला उभे होते. रक्त थांबवायचा पट्टा माझ्याकडे होता, पण हात ऐकत नव्हते. पट्टा दोनदा निसटला. मला पळून जायचं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

"तुहे हात काहून कापून राह्यले?" ज्ञानबाने विचारलं.

"भेव लागते, भाऊ."

"मलेबी लागते. श्वास सोड. मोट रिकामी झाली समज."

त्याने सूर लावला. आवाज फाटलेला, पण सूर लांब. मी त्याच्याबरोबर श्वास सोडला. तिसरा गोळा पडला, तरी तो थांबला नाही. चौथ्या श्वासाला पट्टा आवळला गेला. पट्टा बांधल्याची वेळ लिहिली: तीन वाजून बारा मिनिटं.

चारला ड्रायव्हरने जखमींची गाडी बेस हॉस्पिटलकडे काढली. खालच्या स्ट्रेचरवर ज्ञानबा, वरच्या स्ट्रेचरवर थरथरणारा एक जखमी जवान.

"शिकला एकदाचा मास्तर," ज्ञानबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आमचं युनिट हललं. त्याचं पुढे काय झालं, कळलं नाही.

युद्ध संपल्यावर मी कॉलेजात परतलो. तिथे त्या गाडीच्या ड्रायव्हरचं पत्र आलं. ज्ञानबा वाटभर वरच्या जवानासाठी गात होता. तो जवान वाचला. बेस हॉस्पिटलला पोचून दार उघडलं, तेव्हा ज्ञानबा गेलेला होता. सूर बराच आधी थांबला होता. ड्रायव्हरला वाटलं, त्याला झोप लागली. म्हणून त्याने गाडी हळू घेतली होती.