तिथी रीळ तुटते

टाकीजभाऊ सिनेमा पडद्याच्या मागून बघायचे. नागभीडजवळच्या आमच्या गावात हिवाळ्यात तंबूतला सिनेमा यायचा. अख्खं गाव पडद्यासमोर, आणि हे एकटे पलीकडे पोतं अंथरून. तिकडून नायक डावखुरा दिसे, पाट्या उलट्या. कुणी टोकलं की म्हणत, "म्या कोष्टी मानूस. मागावर कापडाची सुलटी बाजू खालीच राह्यते ना बापा. मले उलटंच नीट दिसते."

एवढे सिनेमे पाहून त्यांना कथा एकाचीही सांगता आली नाही. "शेवटी हिरो मेला का, भाऊ?" असं विचारलं तर म्हणत, "ते नाई मालूम. पन मरते तवा मांगच्या भितीवर जाळीची सावली काय पडते म्हनून सांगू!" आठवड्याभरात ती जाळी कुणाच्या तरी लुगड्याच्या काठावर येई. एकदा त्यांनी पावसाच्या गाण्यावरून पदर विणला. ते लुगडं नेसून माझी मामी चामोर्शीच्या बाजारात गेली, तर तीन बायकांनी छत्र्या उघडल्या. मी खोटं कशाला सांगू?

गाणं त्यांच्या पायातून कापडात उतरायचं. मागाच्या पावड्या दाबत गायचे. ठेक्याला एक पान, सूर लांबला की वेलीला वळण. आवाज मात्र असा, की ताडोब्यातले वाघ मोहर्लीच्या नाक्यावर येऊन तक्रार नोंदवून जात.

माझं लग्न ठरलं. आम्हा बौद्धांत नवरी पांढरी साडी नेसते. भाऊंना कोण आनंद! "रंगाची झंझटच नाई पोरी. पडद्यासारखी साडी विनतो तुले." आमचा कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, असतो मधाच्या रंगाचा. तो त्यांनी इतक्यांदा धुतला की तलावातले मासे पांढरे पडले आणि ढिवर लोक भाऊंच्या नावानं बोटं मोडू लागले. तंबूत त्या साली एक जुना काळापांढरा सिनेमा आला होता. त्यात नायिका वेलीच्या मांडवाखाली गाते आणि पानांच्या सावल्या तिच्या अंगावर हलतात. तेवढं गाणं भाऊंनी नऊ वेळा पाहिलं आणि चार महिने विणलं. पांढऱ्यावर पांढरी वेल, तिरप्या उजेडातच दिसणारी.

सासूबाई नागपूरच्या. खेड्यातली साडी कशी निघते कोण जाणे, म्हणून त्यांनी पेटीत दुकानची एक आणलीच होती. मी भाऊंची साडी नेसून बाहेर आले. सासूबाईंनी पदर उन्हात धरला आणि त्यांचं बोट एका जागी थांबलं. बरी चाललेली वेल तिथं मध्येच तुटून भलत्याच फांदीवरून सुरू झाली होती.

"हे काय होय? विनकर झोपला होता काय? बदल ही साडी."

दाराशी उभे असलेले भाऊ म्हणाले, "झोपलो नाई बाई. तिथी रीळ तुटते."

"काय तुटते?"

"रीळ. तंबूतली." आणि त्यांनी गाणं म्हणूनच दाखवलं. तुटक्या जागी त्यांनी सूर अर्ध्यात सोडून पुढच्या ओळीवर उडी मारली, आणि मांडवातल्या यच्चयावत बायकांनी त्यांच्याबरोबर नेमकी तिथंच उडी मारली! आम्हाला गाणं तसंच पाठ होतं. ऑपरेटरनं खराब तुकडा कापून रीळ चिकटवलेली. तिथं आणखी काही असेल, ही शंका आमच्या पंचक्रोशीत कुणाला शिवली नव्हती.

सासूबाई कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत राहिल्या. "अवं, मधातली बासरी कुठी गेली?"

"कायची बासरी?" भाऊंचा चेहरा खर्रकन उतरला.

सासूबाईंनी तो सिनेमा तरुणपणी नागपूरच्या टाकीजात अख्खा पाहिला होता. त्या बासरी तोंडानं गाऊ लागल्या. भाऊंनी चपला काढल्या आणि पावड्या असल्यासारखे जमिनीवर पाय दाबत मोजायला लागले.

"पुन्हा म्हना, बाई."

त्यांनी पुन्हा म्हटली. आणखी एकदा. तिकडे भन्ते खोळंबले, वरण आटलं, नवरदेव दोनदा डोकावून गेला. विसाव्या खेपेला सासूबाई घामाघूम होऊन म्हणाल्या, "समजलं ना आता? मंग माह्यासाठी आख्खी वेल विना. हिच्या अंगावर आहे ते राहू द्या. चला, लगन लावा!" पेटी उघडलीच नाही.

दिवाळीनंतर भाऊ अख्खी वेल घेऊन नागपूरला आले. सासूबाई इतक्या खूश, की तोच सिनेमा एका टाकीजात सकाळच्या खेळाला लागला होता, तिथं त्यांना घेऊन गेल्या. खुर्चीवर, पडद्याच्या समोरून! भाऊ परतले ते तोंड फुगवून.

"काऊन भाऊ, आवडला नाई काय?" मी विचारलं.

"कायचा आवडते! सारंच दाखवते ना वं ते. मानसाले विनाले काही ठेवतच नाई."

मी त्यांना नागभीडच्या छोट्या रेल्वेगाडीत बसवून दिलं. गाडी हलली तसे ते खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडले, "तुह्यी साडी कोनाले दुरुस्त करू देजो नोको, पोरी!"