काका नावाचा आरोपी

चोराने माझं नाव घेतलं नव्हतं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो, आणि सांगताना आवाज चढतोच. चोर एवढंच म्हणाला होता, "काके नूं दे दित्ता." म्हणजे काकाला दिलं. आता कुठला काका, कुणाचा काका, हे विचारायची तसदी चौकीतल्या एकानेही घेतली नाही. सराफ्यात आले, इथं काका कोण म्हणून विचारलं, आणि कुणीतरी बोट दाखवलं. तो मराठी गलाईवाला. त्याच्या हाताखालची पोरं दिवसभर त्याला काका काका करत असतात.

मी विट्याकडचा. जुने दागिने मुशीत घालून भट्टीत गाळायचे आणि शुद्ध सोन्याची लगड गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, हा आमच्या भागाचा धंदा. देशातल्या कुठल्याही सराफ्यात जा, मागच्या बोळात एखादी भट्टी आमची निघेल. नववीत असताना मामाला हाताखाली माणूस हवा होता, म्हणून शाळा सुटली ती सुटलीच. चंदीगडला सेक्टर ४३च्या स्टँडवर उतरलो तेव्हा दोन धिप्पाड ड्रायव्हर एकमेकांच्या गळ्यात पडून "ओ बाई! ओ बाई जी!" करत होते. मला वाटलं, चेष्टा चालली असेल. इकडे बाई म्हणजे भाऊ. ते लवकर कळलं. काका म्हणजे बाळ, पोरगा, हे मात्र बरीच वर्षं कळलं नाही. आई लाडाने काका म्हणते आणि नातवंडं झाली तरी ते नाव त्या माणसाला चिकटून राहतं. इथं गल्लीगणिक एक काका आहे. आणि मी? माझ्याकडे माझे दोन पुतणे कामाला. ते मला काका नाही तर काय म्हणणार?

ठाणेदार आला तेव्हा भट्टी पेटलेली होती. चपला घालून थेट आत आला. भट्टीपाशी आमच्यात कुणी चपला घालून येत नाही, पण ते सांगायची माझी छाती झाली नाही.

"सोना निकाल."

"कौनसा सोना, साहेब? मी काही घेतलं नाही." घाबरलो की माझ्या हिंदीत मराठी घुसते.

"गला दिया ना? कोई बात नहीं. दूसरा दे दे."

अन्याय कसा साधा असतो बघा. वितळलेल्या सोन्याला चेहरा राहत नाही, म्हणून कुठलंही सोनं चोरीचं ठरवता येतं. माझ्या गिऱ्हाइकाचं, माझ्या बायकोच्या गळ्यातलं, कुठलंही. त्याला ते 'रिकवरी' म्हणतात. रिकवरी दिलीस तर तुला साक्षीदार करू, नाही दिलीस तर आरोपी. दोन दिवस विचार कर, म्हणाला, आणि जाताना माझ्याच माठातलं पाणी प्यायला.

आमच्या धंद्यातले एक जुने आहेत, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. त्यांच्याकडे गेलो.

"देऊन टाक आन मोकळा हो," आण्णा म्हणाले. "परमुलखात ऱ्हायचंय आपल्याला."

"पण मी घेतलंच नाही, आण्णा."

"घेतलं न्हाईस म्हणूनच सांगतोय. घेतलं असतंस तर तुला सांगायला लागलं नसतं, आपसूक दिलं असतंस."

आण्णा वाईट माणूस नाही. त्यांनी स्वतः असं दिलेलं आहे. पण मला रात्रभर एकच दिसत होतं. एकदा दिलं की कागदावर कायमचं चढणार, हा चोरीचं सोनं घेतो. मग पुढचा प्रत्येक चोर, पकडला गेला की माझ्या बोळाकडे बोट करणार. आमच्या धंद्यात दुसरं भांडवल नसतं. माणूस आपलं सोनं परक्याच्या आगीत टाकतो ते फक्त नावावर.

माझी भट्टी झिरकपूरच्या सराफ्यात. दुसऱ्या दिवशी तिथून बस धरून कोर्टात गेलो. आवारात वकिलांची टेबलं. जिथं विचारलं तिथं आण्णांचंच बोलणं, फक्त पंजाबीत. "सेटल कर लो जी." शेवटी एका झाडाखाली उभा राहून बायकोला फोन लावला. "अगं, काही होत नाही, तू रडू नको," असं म्हणत होतो आणि रडायला मलाच येत होतं.

मागून आवाज आला, "काय रं, खानापूर का आटपाडी?"

वळून बघतो तर पगडी, पांढरी दाढी, काळा कोट. खुर्चीत बसलेले सरदारजी. आणि त्यांच्या टेबलाला टेकून, छत्री ठेवावी तसा, बूटमोज्यासकट एक पाय. मी फोन तसाच धरून त्या पायाकडे बघत राहिलो.

"घाबरू नगंस," ते म्हणाले. "माझाच हाय. उन्हाळ्यात लई घाम येतो, म्हणून काढून ठेवतो. बस."

मराठी जवानांच्या पलटणीत हे साहेब अधिकारी होते. डोंगरातल्या लढाईत सुरुंगावर पाय पडला. आपल्याकडच्या दोन जवानांनी त्यांना पाठीवर घालून खाली आणलं, आणि अख्खी वाट ते दोघं बोलत राहिले. गावच्या जत्रेचं, म्हशीचं, सासऱ्याच्या भांडणाचं. "झोपायचं न्हाई, सायेब." मराठी आधीही येत होती, पण खरी त्या वाटेवर शिकलो, असं साहेब सांगायचे. म्हणून त्यांची मराठी अशी. सगळ्यांना अरेतुरे, आणि मध्येच एखादी शिवी अगदी निरागसपणे. इस्पितळातून सुटल्यावर कायद्याचं शिक्षण घेतलं आणि या झाडाखाली टेबल टाकलं. तेव्हापासून भाडेकरू, फौजींच्या बायका, भांडणारे भाऊ, असलेच अशील. मोठं प्रकरण क्वचित. डबा घरून आणायचे आणि निम्मा समोरच्याला द्यायचे.

माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आज सोनं दिलंस, तर उद्या त्या चोराचा खराच काका झालास. द्यायचं न्हाई." अटकेआधीचा जामीन मागू, म्हणाले. मला त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले. एक जमिनीवर होता, एक टेबलाला टेकलेला. कुठला धरू ते सुचेना.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली, ते सांगतो. पोलिसांचं एक वेळ समजतं. पण तारखेच्या दिवशी आम्ही लिफ्टपाशी उभे होतो. दार उघडलं. मागून आलेले चार कोवळे वकील आम्हाला ओलांडून आत घुसले आणि लिफ्ट भरली. त्यातला एक हसून म्हणाला, "मेजर साब, आप तो फौजी हो. सीढ़ियां चढ़ जाओ, पहाड़ थोड़े ही है!" बाकीचे हसले. दार बंद झालं. राष्ट्रीय सणाला हेच लोक साहेबांना पुढच्या खुर्चीत बसवतात, खांद्यावर शाल घालतात, सोबत फोटो काढतात. बाकीचं वर्षभर पाठीमागे म्हणतात, फौजी आहे, जोश जास्त, कायदा कमी. साहेब कठडा धरून चढायला लागले. दर पायरीवर चांगला पाय आधी ठेवायचा, मग तो दुसरा ओढून वर घ्यायचा, आणि त्याच्या आत कुठेतरी काहीतरी करकरायचं. मी हात पुढे केला तर म्हणाले, "तुझा हात तुझ्याकडं ठेव. जज्जापुढं जोडायला लागंल."

कोर्टात मागच्या बाकावर बसलो. जज्जसाहेबांसमोर त्यांचा रीडर, म्हणजे कारकून, आणि दाराशी शिपाई, पांढऱ्या मिशांचा, निवृत्तीला आलेला. आमचा पुकारा व्हायला वेळ होता. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "काका!"

मी उठून उभा राहिलो. बोलावणं माझं नव्हतं. शिपाई फाइल घेऊन पुढे गेला. मी बसलो. थोड्या वेळाने पुन्हा, "काका, पानी." मी पुन्हा उभा. साहेबांनी कोट ओढून मला खाली बसवलं. पंख्यासाठी काका, खिडकीसाठी काका. मनाला कळत होतं की रीडर त्या शिपायाला हाक मारतोय. पायांना कळत नव्हतं. ठाणेदार येऊन गेल्यापासून काका हा शब्द ऐकला की मला बेडीच दिसायची.

आमचा पुकारा झाला. सरकारी वकील तरुण, घाईत. म्हणाला, चोराने काकाचं नाव घेतलंय, आणि बाजारात याला सगळे काका म्हणतात, ही ओळख पक्की आहे. ठाणेदाराने मान हलवली. साहेब बोलायला उभे राहिले, काठी सावरली, आणि तेवढ्यात रीडर पुटपुटला, "काका, रजिस्टर ला."

मी ताडकन उठलो. हात जोडलेले.

जज्जसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "ये आदमी बार-बार खड़ा क्यों होता है?"

साहेब शांतपणे म्हणाले, "जनाब, इसे लगता है बुलावा इसका है. पुलिस को भी यही लगा."

रजिस्टर छातीशी धरलेला शिपाई गोरामोरा होऊन माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे, आणि सगळं कोर्ट फुटलं. जज्जसाहेबही हसले. "मेरे मामाजी का नाम भी काका है," म्हणाले. मग हसणं थांबवून त्यांनी ठाणेदाराला विचारलं, चोराला हा माणूस दाखवला होता का? नव्हता. दुकानातून काही सापडलं? नाही. मग? ठाणेदार फाइल चाळायला लागला. मला अटक करायची नाही, असा हुकूम झाला.

बाहेर आल्यावर तो सरकारी वकील साहेबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मेजर साब, आज तो कॉमेडी कर दी!"

"कॉमेडी तुम्हारी थी, काका," साहेब म्हणाले. "मैंने तो बस पढ़के सुनाई."

मी मात्र हसू शकलो नाही, आणि आजही ही गोष्ट कुणी हसत सांगितली की मला राग येतो. माझी इज्जत रीडरच्या तोंडातल्या एका हाकेला लटकली होती. त्या दिवशी शिपाई रजेवर असता तर? पुढे कागदांतून माझं नाव गेलं. खरा काका कोण, सापडला की नाही, मला कुणी सांगितलं नाही. माफीचा तर प्रश्नच नाही. तोच ठाणेदार नंतर एकदा भाचीची अंगठी गाळायला घेऊन आला, जसं काही झालंच नव्हतं. मी गाळून दिली. चपला बाहेर काढा, असं मात्र या वेळी म्हणालो. त्याने काढल्या.

मग आण्णांनी नवीन टूम काढली. पोरांना बजावलं, इथून पुढं चुलत्याला काका म्हणायचं नाही, उगाच पीडा नको. पोरं मला 'अंकल' म्हणायला लागली. मीही गप्प राहिलो. घाबरट माणूस मी, वाटलं, शहाणपण यातच आहे.

एका दुपारी साहेब दुकानात आले. गावाकडून शेंगदाण्याची चटणी आली होती, ती घ्यायला मीच बोलावलं होतं. बोळाच्या दोन पायऱ्या चढून स्टुलावर बसतात तोच पुतण्या म्हणाला, "अंकल, चहा सांगू?"

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. "अंकल कोण?"

मी आण्णांचं सांगितलं. साहेबांना एवढं चिडलेलं मी कोर्टातही बघितलं नव्हतं, लिफ्टपाशीही नाही. "च्यायला! चूक त्यांची, आन नाव तू बदलणार?" काठी फरशीवर आपटली. "मग मी कशाला चढलो रं ते जिने?"

चहा आला, त्यांनी घेतला, चटणीची पुडी कोटाच्या खिशात घातली आणि गेले.

मग पुतण्याने भट्टीवरून हाक दिली, "अंकल, मूस तापली."

मी मान वर केली नाही.

"अंकल, तापली की!"

मी गिऱ्हाइकाचं डूल पुसत बसलो. पोरगं गोंधळलं. दाराकडे बघून घेतलं, बोळात कुणी नाही ना, आणि हळूच म्हणालं, "काका?"

"मोठ्यानं," मी म्हणालो.

त्याने बोळाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली. पलीकडच्या दुकानातून कुणा पंजाबी काकाने "हां जी?" म्हणून ओ दिली. मी उठलो.