भरल्या घराचा लसूण

बोरीत आमच्या शेजारी जीवशास्त्राचे एक रिटायर सर राहतात. बोलता बोलता बोटं हुंगायची त्यांना सवय आहे. कुणीही भेटलं की तोच धडा सुरू होतो. "अंग जेवढं मोठं, तेवढी कामं पेशी वाटून घेत्यात. बारक्या जिवात एकीलाच समदं करावं लागतंय."

घर भरलेलं होतं तेव्हा सरांकडं लसूण सोलायचं काम होतं, तेवढंच. आता बायको वारली, लेकरं पुण्याला. स्वयंपाक, धुणं, झाडलोट सगळं तेच करतात. लसूण मात्र अजून भरल्या घराच्याच मापानं सोलतात.

काल वाटी घेऊन दारात आले. "लय झालाय बघा."

चातुर्मासात आमच्यात लसूण चालत नाही.

"बरं झालं सर," मी म्हणालो, "घरातला आजच सरला."