शिकारी मामांची छत्री

आयुष्यात एकही जनावर न मारलेला इतका मोठा शिकारी अख्ख्या दादरा नगर हवेलीत दुसरा झाला नाही, हे वाक्य मी फार पूर्वी लिहायला हवं होतं. दरवेळी टाळलं. मामांच्या गमती चारचौघांत रंगवून सांगायचो, लोक हसायचे, आणि शेवटची गोष्ट जवळ आली की मी सगळ्यांसाठी चहा मागवायचो. आता चहाही डॉक्टरांनी बंद केलाय. तेव्हा सांगूनच टाकतो.

हे माझ्या बायकोचे मामा, मूळचे नंदुरबारकडचे. ऐंशीच्या दशकात सिल्वासात कारखान्यांवर कारखाने उभे राहू लागले तेव्हा मी नाशिकहून तिथल्या एका सूतगिरणीत गेलो, आणि माझ्या मागोमाग मामाही तिथेच स्टोअरकीपर म्हणून लागले. लग्न केलेलं नव्हतं. राहायला आमच्या क्वार्टरमागची खोली, जेवायला आमचं घर. त्यांचे वडील पंचक्रोशीतले नामांकित शिकारी होते. शिकारबंदी आली, बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली आणि म्हाताऱ्याने जी खाट धरली ती सोडलीच नाही. मामा मात्र कायद्याशी भांडले नाहीत. ते म्हणायचे, "सरकारनं गोळी बंद केली, जावईबापू. शिकार कुठं बंद केली? जनावर आपल्या टप्प्यात आणायचं, ही शिकार. त्याच्या पुढचं ते खाटकाचं काम."

बंदुकीच्या जागी मामांकडे छत्री होती. लांब दांड्याची, काळी, लाकडी मुठीची. हंगामाआधी ते तिच्या काड्यांना खोबरेल तेल लावत आणि मूठ फडक्याने घासून चकचकीत करत. ती खांद्याला लावायची, एक डोळा मिटायचा आणि तोंडाने "ठो!" म्हणायचं, की बार झाला. पावसाळ्यात शिकार बंद, म्हणून छत्री कपाटात. सिल्वासाचा पाऊस काय असतो हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल, की भर श्रावणात घरी उत्तम छत्री असताना कंपनीच्या गेटमधून निथळत येणारा हा गृहस्थ लोकांना कसा वाटत असेल. कुणी हटकलं तर म्हणायचे, "नळीत पाणी गेलं तर हंगामाला काय करू?"

हंगाम दोन. होळीच्या सुमाराला रानकोंबडा, आणि दसरा-दिवाळीला भेकर नि तितर-लावे. इतर शिकारी हे दोन वेगळे हंगाम मानत. मामांच्या मते ते एकच, मधे फक्त पाऊस पडतो. होळीला सुरंगी गावाच्या रानात कोंबड्यासाठी बसलं की तेव्हाच दिवाळीच्या भेकराची तयारी करायची: ते पाण्याला कुठून उतरतं, लेंड्या कुठे टाकतं, कुठल्या झाडाखाली पडलेली फळं खातं. आणि दिवाळीला तितरामागे फिरताना पुढच्या होळीच्या कोंबड्याने माती कुठे उकरलीय ते पाहून ठेवायचं. मी एकदा म्हणालो, "म्हणजे एका दगडात दोन पक्षी." मामा दुखावले. "दगड गुराखी मारतात, जावईबापू."

रानकोंबड्याला बोलावायचं त्यांचं यंत्र म्हणजे नारळाची करवंटी. तिला भोक पाडून दोरा ओवलेला. ओल्या फडक्याने दोरा झटके देत ओढला की करवंटीतून हुबेहूब कोंबडी कलकलायची. सरावासाठी मामा रविवारी दुपारी अंगणात बसत, तेव्हा कॉलनीतल्या पोरांची झोपमोड व्हायची आणि वॉचमनचा कोंबडा सगळं सोडून आमच्या दारात हजर व्हायचा. एका सोमवारी तो मामांच्या पिशवीत करवंटी आहे एवढ्या ओळखीवर थेट स्टोअरपर्यंत गेला. वॉचमन मागून धावत, "मामा, मेरा मुर्गा बिगाड दिया आपने! अब घर की मुर्गी को देखता भी नहीं!"

शिकारीचे कायदे कडक होते. "ठो" म्हटल्यावर सोबतच्या माणसाने "पडलं!" असं म्हणायचं. तो साक्षीदार. त्याने म्हटल्याशिवाय शिकार धरायची नाही. पहिल्या खेपेला मी लाजून गप्प बसलो, तर मामा कळवळून म्हणाले, "बोला की! साक्षीदाराशिवाय शिकार म्हणजे थाप. आणि मला कुणी थापाड्या म्हटलेलं चालायचं नाही. माझ्या बापाला कधी कुणी म्हणालं नाही." शिकार पडली की मामा बाजारात जात. कोंबड्याला कोंबडी, भेकराला मटण, लावा असेल तर नुसती अंडी. मग खानदेशी काळ्या मसाल्याचा रस्सा स्वतः करत, आणि काळजाचा तुकडा साक्षीदाराच्या ताटात वाढत. आमची ही म्हणायची, "मामा, हे आत्ताच खाटकाकडून आणलंत ना?" "आणलं खाटकाकडून," मामा म्हणत, "पण मिळवलं रानातून."

मटण मात्र आमच्याकडे वर्षानुवर्षं शिजलं नाही. कारण भेकर येत नसे. हरणाच्या जातीचं हे लाजरं जनावर कुत्र्यासारखं भुंकतं. त्याला ओठात पान धरून पाडसाच्या आवाजाने बोलावतात. मामांनी पान वाजवलं की ते लांबून भुंकायचं आणि निघून जायचं. ज्याने भेकराला नळीच्या टोकापर्यंत आणलं त्याला आयुष्यात पुढे काही सिद्ध करावं लागत नाही, असं मामांचे वडील सांगत. त्यांनाही ते कधी जमलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातल्या एका दिवाळीत, पाडव्याच्या पहाटे, दुधनी गावाच्या वरच्या अंगाला आम्ही दोघं एका करवंदीच्या जाळीत बसलो होतो. खाली मधुबन धरणाच्या पाण्यावर धुकं होतं. मामांनी पान ओठात धरलं. बराच वेळ काही नाही. मला तर पेंग येत होती. मग वाळलेला पाला वाजला आणि भेकर समोर उभं राहिलं. तांबूस, ओल्या नाकाचं. ते पुढे आलं, आणखी पुढे आलं, आणि मान लांब करून त्याने छत्रीचं टोक हुंगलं. निजलेल्या मुलाशी बोलावं तसं मामा हळूच म्हणाले, "ठो." भेकराने कान हलवले आणि ते सावकाश चालत गेलं.

मी "पडलं" म्हणायला हवं होतं. पण मी भेकर गेलं त्या वाटेकडेच बघत राहिलो होतो. मामा वाट बघत होते. "जावईबापू, म्हणा ना." मी म्हणालो, "असं इथे नाही मामा. संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणतो." त्यावर ते असे हसले, की मला वाटलं, हे तिथेच नाचतात की काय.

संध्याकाळी आमच्याकडे कंपनीतली मंडळी फराळाला यायची होती. मामांनी त्यांना जेवायलाच थांबवून घेतलं. मटणाचं मोठं पातेलं चुलीवर होतं. मामांनी सगळी हकिकत सांगितली, पान वाजवून दाखवलं, छत्रीचं टोकही दाखवलं. आमचे मॅनेजर आधीच हसू दाबत होते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "काय हो, तुम्ही होता ना तिथे? खरंच हरीण आलं होतं?" सगळे माझ्याकडे बघू लागले. हसायला टपलेली माणसं समोर असली की माझी जीभ फार हुशार होते. मी म्हणालो, "आलं होतं ना साहेब. गळ्यात घंटा होती, आणि मागून त्याची मालकीण शिव्या देत आली."

घर हसण्याने दणाणलं. मॅनेजरांना ठसका लागला. कुणीतरी म्हणालं, "मामा, बकरी मारली तुम्ही, बकरी!" मामाही हसले. सगळ्यांबरोबर, अगदी शेवटपर्यंत हसले. मग आत जाऊन त्यांनी पानं वाढायला घेतली. माझ्यापाशी आले, पातेल्यातून काळजाचा तुकडा शोधून काढला आणि माझ्या ताटात ठेवला. मी हळूच म्हणालो, "मामा, आता कशाला?" ते तितक्याच हळू म्हणाले, "तुम्ही होतात ना तिथं. वाटा साक्षीदाराचा आहे."

पुढल्या होळीला त्यांनी करवंटी काढली नाही. गुडघे दुखतात म्हणाले. मीही ते मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. मग पाऊस सुरू झाला, आणि एका सकाळी कंपनीच्या गेटपाशी माझ्या पुढे मामा चालत होते. कोरडे. डोक्यावर छत्री उघडलेली होती. वॉचमन खुशीत ओरडला, "आज अकल आयी मामा को!" मी तिथेच भिजत उभा राहिलो.

निवृत्त झाल्यावर ते नंदुरबारला गेले. शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेलो, तो राहिलेला शब्द जिभेवर घेऊनच. कोपऱ्यात छत्री टांगलेली होती, गंजलेली. मामांनी माझा हात धरला, छत्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघत राहिले. "ठो" म्हटल्यावर साक्षीदाराकडे बघायचे, तसे. मी त्यांना म्हणालो, "औषधं वेळेवर घेताय ना?" आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.

मामा, घंटा नव्हती. मालकीण नव्हती. भेकरच होतं, आणि त्याने तुमच्या छत्रीचं टोक हुंगलं होतं.

पडलं, मामा. पडलं.